मागे जोडलेले घर आणि उत्तरेचा रस्ता

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या कुटुंबांची संख्या आता मोठी आहे. कॅनडात किंवा अमेरिकेत नातवंडांसह काढलेल्या सहलींत एका वाहनाचे आकर्षण विशेष असते. मोटारीच्या मागे जोडून न्यावयाच्या या फिरत्या घराला तेथे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत स्वयंपाकाची शेगडी, शीतकपाट, पलंग, न्हाणीघर अशी सर्व सोय असते. आपल्या हातचे अन्न खाणाऱ्या कुटुंबाला अशी व्यवस्था मोलाची वाटावी, हे स्वाभाविकच आहे. दक्षिणेकडील गुळगुळीत महामार्गांवर हे घर निमूटपणे मागून येते. परंतु तेच घर घेऊन कोणी युकॉन, अलास्का किंवा वायव्य प्रदेशांकडे निघाला, तर रस्ता त्याच्या सामानाचा, गतीचा आणि संयमाचा काटेकोर हिशेब मागतो.

उत्तरेच्या रस्त्यांचा इतिहासच घाईचा आहे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर अलास्काला खुष्कीच्या मार्गाने जोडणे अमेरिकेला निकडीचे वाटले. १९४२ च्या मार्च महिन्यात काम सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या हेमंतात रस्त्याची दोन टोके जुळली. दहा हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक या कामावर होते आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. ब्रिटिश कोलंबियातील डॉसन क्रीक येथे या अलास्का महामार्गाचा शून्य मैल आहे आणि अलास्कातील डेल्टा जंक्शन येथे त्याचा शेवट होतो. मूळचा सुमारे २,७०० किलोमीटरांचा हा मार्ग वळणे सरळ करता करता आता २,२०० किलोमीटरांच्या आसपास आला आहे. सामान्य जनतेसाठी तो १९४८ मध्ये खुला झाला. आज त्यावर पक्का थर आहे. तथापि उन्हाळा हाच तेथील दुरुस्तीचा हंगाम असल्याने मधूनमधून कित्येक किलोमीटर खडी आणि धूळ लागतेच.

दुरुस्ती कधीच का संपत नाही, याचे कारण भूमीत आहे. त्या प्रदेशात जमिनीखालचा थर वर्षानुवर्षे गोठलेला असतो. त्यास पर्माफ्रॉस्ट म्हणतात. रस्त्याचा काळा पृष्ठभाग ऊन शोषतो, खालचे बर्फ वितळते आणि जमीन खचते. हिवाळ्यात पाणी पुन्हा गोठून जमीन फुगते. एकाच रस्त्यावर एके ठिकाणी खड्डा आणि पुढच्या पन्नास पावलांवर उंचवटा, अशी लाटांसारखी रचना तयार होते. युकॉनमधील डिस्ट्रक्शन बे या वस्तीपासून अलास्काच्या सीमेपर्यंतचा टापू त्यासाठी प्रसिद्ध आहे. कडेला लावलेल्या लहान झेंड्या अशा जागांची सूचना देतात. मात्र प्रत्येक लाटेजवळ झेंडी असेलच, असे नाही. मोटार आपल्या नरम स्प्रिंगांवर ती लाट सहज पार करते. मागच्या ट्रेलरचे पाटे मात्र आखूड आणि ताठ असतात. तो एकदा उसळला की आतील कपाटे उघडतात, भांडी खाली येतात आणि जोडावर क्षणभर दुप्पट-तिप्पट ताण पडतो. म्हणून वेग उंचवट्यावर पोहोचण्यापूर्वी कमी करावा. उंचवट्यावर ब्रेक दाबल्याने धक्का वाढतो.

आता वजनाकडे वळू. व्यापारी कुटुंबांना वजनकाटा नवा नाही. तरीही या बाबतीत जाणती माणसे फसतात. गाडीच्या जाहिरातीत ओढण्याची क्षमता मोठ्या अक्षरांत दिलेली असते आणि खरेदीदार तेवढीच पाहतो. परंतु गाडीला आणखी एक मर्यादा असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लहानशी पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून गाडीने स्वतःच्या अंगावर किती भार घ्यावा, हे ती सांगते. ट्रेलरचा जो भाग जोडावर टेकतो, त्याचा भार याच मर्यादेत धरावा लागतो. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा, असा सर्वमान्य नियम आहे.

एक नमुन्याचा ताळेबंद मांडला म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. समजा, एका पिकअप गाडीची ओढण्याची क्षमता ३,५०० किलो आणि अंगावर घेण्याची मर्यादा ७०० किलो आहे. रिकाम्या ट्रेलरचे वजन २,३०० किलो असून त्याची कमाल मर्यादा ३,००० किलो आहे. त्यात १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, गॅसच्या टाक्या आणि बॅटरी ६५, स्वयंपाकघर आणि धान्य १३०, कपडे आणि अंथरुणे ९०, हत्यारे, जॅक आणि जादा चाक ९५ आणि किरकोळ सामान ७० किलो ठेवले. एकूण ६०० किलो झाले आणि ट्रेलर २,९०० किलोंवर पोहोचला. ओढण्याच्या क्षमतेत ६०० किलो शिल्लक दिसतात. मालक निश्चिंत होतो.

आता दुसरी बाजू पाहू. २,९०० किलोंचे १२ टक्के म्हणजे ३४८ किलो जोडावर आले. जोडाचे लोखंडी साहित्य ४० किलो. चार माणसांचे २८० किलो. गाडीच्या मागील भागातील इंधनाचे डबे, खोके आणि पिशव्या मिळून ११० किलो. बेरीज ७७८ किलो. मर्यादा ७०० किलोंची असताना ७८ किलो अधिक! एका खात्यात भरघोस शिल्लक आणि दुसऱ्या खात्यात उघड तूट, अशी ही स्थिती आहे. अशी गाडी सपाट रस्त्यावर चालते, म्हणून दोष लक्षात येत नाही. मागील भाग दबलेला, पुढील चाके हलकी, सुकाणू सैल आणि ब्रेकचे अंतर लांबलेले, हे सर्व खडीच्या पहिल्या उतारावर एकदम समोर येते.

या तुटीवर उपाय आहे. १५० ऐवजी ४० लिटर पाणी घेतले, तर ट्रेलरमध्ये ११० किलोंची जागा होते. पाणी मुक्कामाच्या ठिकाणी भरता येते. गाडीतील ८० किलो सामान ट्रेलरच्या चाकांच्या बरोबर वर, तळाशी ठेवले, तर ट्रेलर २,८७० किलोंचा होतो आणि जोडावरील भार सुमारे ३४४ किलो राहतो. गाडीची बेरीज ६९४ किलोंवर येते. हिशेब मर्यादेत बसला. पण सहा किलोंची शिल्लक ही काही शिल्लक नव्हे. खरी मोकळीक हवी असेल, तर घडीच्या खुर्च्यांचा दुसरा संच, अवजड भांडी आणि लागलेच तर हवे म्हणून घेतलेल्या वस्तू घरीच ठेवाव्या लागतात. शिवाय सामानाची जागा बदलली की टक्केवारीही बदलते. म्हणून निघण्यापूर्वी सर्व माणसे आणि सर्व सामान यांसह वजनकाट्यावर जाऊन पावती घेणे, हाच एकमेव विश्वसनीय मार्ग आहे. अंदाजाने केलेल्या नोंदीवर कोणी दुकान चालवीत नाही. मग कुटुंब घेऊन घाट का उतरावा?

जोडावरचा भार जास्त झाला तर काय होते, ते वर आलेच. तो कमी पडला तर धोका अधिक मोठा असतो. पुढे हलका आणि मागे जड झालेला ट्रेलर डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागतो. समोरून मोठा ट्रक वाऱ्याचा झोत देऊन जातो, किंवा उतारावर वेग वाढतो आणि हेलकावा सुरू होतो. अशा वेळी माणसाची सहज प्रवृत्ती जोराने ब्रेक दाबण्याची किंवा सुकाणू उलट फिरविण्याची असते. दोन्हींनी ट्रेलर आणखी उसळतो. सुकाणू सरळ धरावे, प्रवेगकावरील पाय अलगद उचलावा आणि ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावण्याची कळ हाताने हळूहळू दाबावी, ही रीत आहे. ही कळ कोठे आहे, हे चालकाबरोबरच शेजारी बसणाऱ्यालाही माहीत असावे आणि निघण्यापूर्वी मोकळ्या मैदानात तिचा सराव झालेला असावा. संकटाच्या वेळी नवी विद्या शिकता येत नाही.

खडीच्या रस्त्यावर पहिला बळी टायरचा जातो. ट्रेलरचे टायर बहुधा त्याच्या वजनाला जेमतेम पुरतील असे बसवलेले असतात आणि त्यांतील कित्येकांची वेगमर्यादा ताशी सुमारे १०४ किलोमीटर असते. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांत त्यांचे रबर थकते. जास्त भाराच्या श्रेणीचे नवे टायर आणि एकाऐवजी दोन स्टेपन्या, हा उत्तरेकडे जाणाऱ्यांचा नेहमीचा बंदोबस्त आहे. एकाच बाजूच्या दोन चाकांपैकी एक फुटले की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो आणि थोड्याच अंतरात तेही जाते. तेव्हा दुसऱ्या स्टेपनीचे मोल कळते. चाक बदलल्यावर ८० ते १६० किलोमीटरांनी नट पुन्हा आवळावेत. प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्यभागाची उष्णता तपासावी. एखादे चाक इतरांहून जास्त तापले असेल, तर बेअरिंग किंवा ब्रेक तक्रार करीत आहे, असे समजावे.

दुसरी बाब वेगाची. खडीचा रस्ता चाकांच्या माऱ्याने पन्हळी पत्र्यासारखा होतो आणि त्यावर भरधाव गेल्यास ट्रेलरचा प्रत्येक खिळा, प्रत्येक बोल्ट सैल होऊ लागतो. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी ६० किलोमीटर वेग ठेवला, तर ती जवळपास ५६ टक्क्यांवर येते. म्हणजे पाव वेग सोडला आणि मारा निम्म्याजवळ उतरला. समोरून वाहन येत असेल, तर उजव्या बाजूस राहून वेग आणखी कमी करावा. उडणारे दगड समोरची काच तडकवतातच; शिवाय स्वतःच्याच मागील चाकांनी उडवलेले दगड ट्रेलरच्या दर्शनी भागावर आपटतात. त्यासाठी रुंद मडफ्लॅप आणि ट्रेलरच्या पुढील बाजूस जाड रबरी आच्छादन लावतात.

धुळीवरही एक साधा उपाय आहे. ट्रेलरचे खालचे झरोके चिकटपट्टीने बंद करावेत आणि छतावरचा एक झरोका पुढच्या दिशेने किंचित उघडा ठेवावा. त्यातून आत शिरणाऱ्या हवेचा दाब धुळीला बाहेरच थोपवतो. अनेक रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड टाकलेले असते. ते हवेतील ओलावा खेचते, पाऊस पडला की निसरडे होते आणि वाळल्यावर सिमेंटसारखे चिकटून लोखंड खाते. पहिल्या मोठ्या गावात गाडीचा तळ भरपूर पाण्याने धुऊन घेणे, हा खर्च नसून बचत आहे.

या सर्व तयारीची खरी परीक्षा दोन रस्त्यांवर होते. पहिला अलास्कातील डाल्टन महामार्ग. तेलवाहिनीच्या बांधकामासाठी १९७४ मध्ये बांधलेला हा ६६६ किलोमीटरांचा मार्ग आर्क्टिक महासागराजवळील डेडहॉर्स येथे संपतो. कोल्डफूट ते डेडहॉर्स या सुमारे ३८५ किलोमीटरांत पेट्रोल पंप नाही. अवजड ट्रक हेच तेथील मानकरी असून प्रवाशाने त्यांना वाट देणे, हा शिष्टाचारही आहे आणि शहाणपणही.

दुसरा रस्ता कॅनडातील डेम्पस्टर महामार्ग. डॉसन सिटीजवळून निघून तो सुमारे ७४० किलोमीटरांवरील इनुविक येथे पोहोचतो. १९७९ मध्ये तो खुला झाला. खालचे बर्फ वितळू नये म्हणून जमिनीवर खडीचा जाड थर रचून त्याच्या पाठीवर हा रस्ता नेलेला आहे. त्या खडीतील पाटीच्या दगडाचे तुकडे सुरीसारखे धारदार असतात. पील आणि मॅकेन्झी या नद्या उन्हाळ्यात तराफ्यासारख्या फेरीबोटींतून आणि हिवाळ्यात बर्फावरून पार कराव्या लागतात. फेरीच्या उतारावर लांब ट्रेलरचा मागचा भाग जमिनीला घासतो. आरंभापासून ईगल प्लेन्स हा पहिला पंप ३६९ किलोमीटरांवर आहे. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला १०० किलोमीटरांस २५ लिटर इंधन लागत असेल, तर या एका टप्प्यालाच ९२ लिटरांहून अधिक हवे. ज्याची टाकी ९० लिटरांची आहे, त्याने हा गुणाकार घरीच केलेला बरा.

या रस्त्याच्या नावामागे एक कथा आहे. डिसेंबर १९१० मध्ये घोडदळ पोलिसांचे एक पथक फोर्ट मॅकफर्सन येथून डॉसनकडे कुत्र्यांच्या गाड्यांसह निघाले. प्रमुख होते इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड. प्रवास विक्रमी वेळेत पुरा व्हावा, म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा कमी शिधा घेतला आणि वाट जाणणाऱ्या स्थानिक माणसाला पुढे सोबत ठेवले नाही. डोंगरांत त्यांची वाट चुकली. ती शोधण्यात दिवस गेले, शिधा संपला आणि परत फिरल्यावर चौघेही मार्गात मृत्युमुखी पडले. मार्च १९११ मध्ये त्यांचा शोध लावणारे पोलीस म्हणजे कॉर्पोरल डेम्पस्टर. त्यांचेच नाव या महामार्गाला दिले आहे.

वजन कमी करा, असे सांगणाऱ्या लेखात ही कथा उलटी वाटेल. परंतु तिचे तात्पर्य नीट पाहिले पाहिजे. ओझे आणि राखीव साठा या दोन भिन्न वस्तू आहेत. घडीच्या खुर्च्यांचा दुसरा संच हे ओझे होय. दुसरी स्टेपनी, दोन दिवसांचे जादा अन्न, पिण्याचे पाणी, ऊबदार पांघरुणे आणि जाणत्याचा सल्ला हा राखीव साठा होय. व्यापारात अडून बसलेला माल कमी करावा, हे योग्यच आहे. पण तो कमी करताना कोणी गंगाजळी मोडीत नाही. फिट्झजेराल्ड यांच्या पथकाने जे टाकले, ते ओझे नव्हते. आजचा प्रवासी बहुधा उलट करतो. तो ओझे भरतो आणि जागा उरली नाही म्हणून दुसरी स्टेपनी घरी ठेवतो. दोहोंच्या मुळाशी वस्तूची योग्य वर्गवारी न करणे, हाच दोष आहे.

शेवटचा निर्णय सर्वांत कठीण असतो. ट्रेलर येथपर्यंत सुखरूप आणल्यावर तो तसाच पुढे खडीवर न्यावा काय? ७४० किलोमीटर ताशी ५० च्या वेगाने जाण्यास पंधरा तास लागतात आणि ८० च्या वेगाने सव्वानऊ. म्हणजे घाईतून मिळणारा लाभ फार तर साडेपाच तासांचा आहे. त्याच्या समोर मोडलेला पाटा, शेकडो किलोमीटरांवरून मागवावी लागणारी मदत आणि हजारो डॉलरांच्या घरात जाऊ शकणारे तिचे बिल आहे. शिवाय भाड्याने घेतलेल्या वाहनांच्या कित्येक करारांत अशा रस्त्यांवर जाण्यास मनाई असते आणि ती मोडल्यास विम्याचे संरक्षणही हातचे जाऊ शकते. करारातील बारीक अक्षरे नातवंडांकडून वाचून घ्यावीत, पण वाचावीत.

म्हणूनच अनेक अनुभवी प्रवासी डॉसन परिसरातील एखाद्या छावणीत ट्रेलर उभा करून ठेवतात. तंबू, शिधा आणि दोन स्टेपन्या घेऊन केवळ गाडीने ते उत्तरेला जातात आणि चार-पाच दिवसांनी परत येऊन आपले घर पुन्हा जोडून घेतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. घर कोठवर सोबत न्यावे आणि कोठे ठेवून पुढे जावे, हे ज्याला समजते त्याचा प्रवास सुखाचा होतो.

या उन्हाळ्यात कोणा कुटुंबाचा असा बेत असेल, तर मुलांना गाडीच्या दारावरील पट्टीचे छायाचित्र आणि वजनकाट्याची पावती आधी मागवून घ्यावी. दोन्ही आकडे शेजारी ठेवून एक वजाबाकी करावी. उत्तर धन आले तर खुशाल निघावे. ऋण आले तर सामान उतरवावे. उत्तर दिशेचे डोंगर, सरोवरे आणि मध्यरात्रीही न मावळणारा उजेड कोठे जात नाहीत. आठवडाभर उशिरा पोहोचणाऱ्यालाही ते तेवढेच दिसतात.